कुल्फी कशी वितळली?

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, सावद्याला माझ्या आत्याच्या घरातून दहा पेनं नाहीशी झाल्याचं लक्षात आलं. पेनं गेली म्हणून कुणी एवढी बोंब मारत नाही. पण ही पेनं लिहायची नव्हती, इन्सुलिनची होती. जर्मनीहून आलेली होती आणि फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात ठेवलेली होती. त्या कप्प्यात आत्याच्या घरात अंडी सोडून बाकी सगळं असतं.

आतेभाऊ नवलचा फोन आला तेव्हा मी जळगावला आमच्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि पोह्यांच्या डब्यामागे लपवलेली सांजोरी शोधत होतो. ती तिथे नव्हती. कोकिळेने आदल्या रात्रीच ती शोधून शेजारी देऊन टाकली होती. कोकिळा म्हणजे माझी बायको. तिने सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागे एकतीस वर्षं काढली. औषधाची बाटली पाहून ती माणसाचं पोट सांगते आणि माझं तोंड पाहून मी काय खाल्लं ते सांगते. मी प्रेमराज भंगाळे, निवृत्त गणित शिक्षक, शुगर दोनशे दहा. या घरात मी गुन्हेगार आहे आणि ती पोलीस.

"वहिनीले दे," नवल म्हणाला. "आमची भाविका अडचणीत आहे, भाऊ."

भाविका ही नवलच्या मोठ्या भावाची, योगराजची मुलगी. जर्मनीत वाढलेली, चोवीस वर्षांची. तिला अकराव्या वर्षापासून मधुमेह आहे आणि इन्सुलिनशिवाय तिचा एक दिवस निघत नाही. नऊ वर्षांनी ती आजीकडे महिनाभर राहायला आली होती, तीही एकटी. योगराज तिला पाठवायलाच तयार नव्हता. "तिथे त्रेचाळीस डिग्री ऊन, तुझं औषध खराब झालं तर काय करशील?" यावर बापलेकीत दोन महिने वाद झाला. शेवटी ठरलं ते असं की, औषधाची जरा जरी गडबड झाली तर पहिल्या विमानाने परत, आणि पुन्हा एकटीने जायचं नाव काढायचं नाही.

आणि तिसऱ्याच दिवशी पेनांचा खोकाच गायब!

"पर्समध्ये वापरातलं पेन आहे," भाविका फोनवर म्हणाली. तिचं मराठी स्वच्छ होतं, जरा पाठ केल्यासारखं. "ते बुधवार सकाळपर्यंत पुरेल. इथल्या मेडिकलवाल्याला मी माझ्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, ताई, ही जर्मन भाषा मला वाचता येत नाही, आणि वाचता आली तरी इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागेल. काकू, पप्पा रोज दुपारी एक वाजता व्हिडिओ कॉल करतात. आज मी त्यांना पर्समधलं पेन दाखवीन. उद्या ते फ्रिज उघडायला सांगतील."

कोकिळेने फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

"तुम्ही चला," ती मला म्हणाली. "घरी एकटे राहिलात तर डबे उघडाल."

२

सावद्याला पोचलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. वच्छलाआत्या ओसरीवर बसली होती आणि तिच्यापुढे कारल्याच्या रसाचा पेला होता. वय ऐंशी, पण आवाज पंचविशीतला.

"मी कायले लपवू वं माय?" कोकिळेने काही विचारायच्या आतच तिने सुरुवात केली. "माह्या नातीचं औषध मी लपवीन? हो, मी म्हटलं होतं तिले. सुया टोचून टोचून पोरगी वाळली, त्यापरीस कारल्याचा रस पे. पण तिनं समजावलं मले. म्हणे, आजी, माह्या अंगात ते बनतच नही, कारल्यानं कसं बनणार? मले पटलं. आता हा रस मीच पेते."

तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. एवढं खरं तोंड वाकडं करणारी बाई खोटं बोलत नसावी, असं मला वाटलं. कोकिळेला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही, कधीच दिसत नाही.

"खोका शेवटचा कुणी पाहिला?"

"आखाजीच्या दिवशी, काल सकाळी, मीच पाह्यला. अकरा वाजता कुल्फीची भांडी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तवा दारात होता. पण त्या कुल्फीचं नाव नको काढू! एवढं दूध आटवलं, पोरीसाठी थोडी बिनसाखरेची वेगळी केली. अन् रात्री जेवायच्या वेळी काढली तर नुसतं दूध. लाइटीनं घात केला."

"भांडी कप्प्यातच होती?"

"नही, कोनी खाली भाजीपाशी ठेवली होती. लाइट गेल्यावर वर काय अन् खाली काय!"

तेवढ्यात बेबाबाई पाण्याचे तांबे घेऊन आली. ती या घरात वीस वर्षं धुणीभांडी करते. तांबे ठेवले आणि तिने पदराने डोळे पुसले.

"सगळे माह्याकडेच पाहू राहिले," ती म्हणाली. "फ्रिज पुसला मी, पण शनिवारी. काल सण होता. मी भांडी घासून दहालेच घरी गेले. माह्या पोरी आल्या होत्या माहेरी. एकदम आज सकाळी आले."

"दहाला गेलात? कुल्फी लावताना पाहिली नाहीत?"

"मी पाह्यलीही नही अन् खाल्लीही नही," बेबाबाई म्हणाली, आणि यातलं दुसरं दुःख जास्त असावं.

कोकिळा उठली. तिने फ्रिज उघडला, दिवा लागला का ते पाहिलं, वरच्या बर्फाच्या कप्प्यात हात घातला, आणि बोट बाहेर काढून उगाच माझ्या तोंडासमोर धरलं. बोटाला पांढऱ्या जाड कागदाचा एक तुकडा चिकटला होता, नखाएवढा. त्यावर जर्मन अक्षरं होती.

३

"कुणाला सांगू नका," ती मला म्हणाली, आणि आम्ही नवलच्या केळीच्या चेंबरकडे गेलो.

नवल केळीचा व्यापारी. गावाबाहेर त्याच्या केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. आत गेलो तर त्रेचाळीसचे एकदम सतरा झाले आणि मला तिथेच खाट टाकून झोपावंसं वाटलं. नवलची बायको आखाजीला माहेरी गेली होती, त्यामुळे तो दोन दिवस शेव आणि केळी यांवर जगत होता. तरी पोट शर्टाच्या बटणांवर धरणं धरून बसलेलं होतं.

"नवलभाऊ," कोकिळेने विचारलं, "भाविका सांगत होती, तुम्ही तिच्याकडे एक पेन मागितलं होतं. खरं का?"

नवल केळीच्या सालीसारखा पिवळा पडला.

"वहिनी, ते... वजन कमी करायचं फॉरेनचं इंजेक्शन आलंय ना आता, मोबाइलवर सारखं दाखवतात. मले वाटलं तेच असेल. एक मागून पाह्यलं. ती पोटभर हसली. म्हणे, काका, हे घेतलंत तर चक्कर येऊन पडाल. तेव्हापासून मी त्या खोक्याकडे पाह्यलं सुद्धा नाही."

"बरं. काल लाइट किती वेळ गेली होती?"

"काल?" नवलने भिंतीवरची वही काढली. चेंबरचं तापमान दर दोन तासांनी लिहायची त्याची शिस्त आहे. "काल लाइट गेलीच नाही. शुक्रवारपासून जनरेटरला हात लावला नाही. घर अन् चेंबर एकाच तारेवर आहे. इथे लाइट गेली की मी घरी फोन करतो."

"पक्कं?"

"वहिनी, तापमान तेराच्या खाली गेलं की केळी काळवंडते अन् विसाच्या वर गेलं की एकदम पिकते. थंडीचा हिशेब चुकला तर माझा गाडीभर माल जातो. थंडी म्हणजे काय ते मले विचारा. जास्त थंडीनं मालाचं वाटोळं होतं."

कोकिळा एकदम थांबली. ती अशी थांबली की मला माहीत आहे, डोक्यात काहीतरी जुळलेलं असतं. घरी ती अशी थांबली की मी खिशातला पेढा खाली टाकतो.

परत येताना मी म्हणालो, "म्हणजे आत्या खोटं बोलली. लाइट गेलीच नव्हती."

"आत्याबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी वितळलेली कुल्फी पाहिली आणि लाइटला शिव्या दिल्या. आपण सगळे तेच करतो. पण लाइट असताना कुल्फी वितळली असेल, तर ती कुणीतरी बाहेर काढली. आणि खाण्यासाठी नाही काढली."

"मग कशासाठी?"

"तुमची गणिताची डिग्री कुठे गेली? एका कप्प्यात जागा कमी असेल तर आधी काय करावं लागतं?"

मला अर्धं कळलं. पूर्ण विचारणार तेवढ्यात समोरून धुळ्याची एस्टी आली आणि तिच्यातून सुमनबाई उतरल्या.

४

सुमनबाई ही भाविकाची सख्खी मावशी, तिच्या आईची, मेघाची थोरली बहीण. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या. योगराज आणि मेघाचं लग्न त्या काळी बरंच गाजलं होतं, इकडचा मुलगा आणि तिकडची मुलगी म्हणून. सुमनबाई भाचीला भेटायला शनिवारीच आल्या होत्या. पंचवीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. उंच, सावळ्या आणि भलत्या नीटनेटक्या. हातात जुनी निळी पेटी, पोलिओचे डोस न्यायची असते तसली.

"डोळा दखाडाले गयथू धुळाले," त्यांनी न विचारताच सांगितलं. "पहाटनी गाडी धरी."

ओसरीवर चहा झाला, बिनसाखरेचा, कोकिळेच्या कृपेने. कोकिळेने सहज पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढली.

"यावरची तारीख वाचून दाखवता का? माझा चष्मा जळगावलाच राहिला."

चष्मा तिच्या कपाळावर होता. सुमनबाईंचं लक्ष नव्हतं. मुंगीच्या पायाएवढी तारीख त्यांनी घडाघडा वाचली.

"डोळे चांगले आहेत," कोकिळा म्हणाली.

"डागदर बी तेच म्हनना," सुमनबाई म्हणाल्या आणि लगेच विषय बदलला. "पंचवीस वरीस पोरेसले डोस पाजात मी अक्का. एक बी डोस खराब व्हवू दिधा नई. माथावर ऊन, पायमा काटा, पन पेटीमा बरफ पक्का. डोस पाजा का डावा हातनी करंगयीले खून करानी." त्यांनी पिशवीतून जांभळा मार्कर काढून दाखवला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तो जवळ होता. "जिल्हाना सायेबनी माले शाल दिन्ही थी. बठ्ठा गावम्हा एक बी पोर सुटनं नई, म्हनीसन."

सांगताना त्यांचा आवाज आधी अभिमानाने वर गेला आणि मग कशाने कोण जाणे, भरून आला. त्या उठून आत गेल्या.

भाविका माझ्याशेजारी झोक्यावर बसली होती. "मावशी कालपासून अशीच आहे," ती म्हणाली. "काल संध्याकाळी याच झोक्यावर मी सगळ्यांना माझ्या औषधाची गोष्ट सांगत होते. उन्हाने खराब होतं, गोठलं तरी खराब होतं, दोन्हीकडून नखरे. सगळे हसले. मावशी मात्र मधेच उठून आत गेली."

कोकिळेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लवकर झोपायला सांगितलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता भाविकाची हाक ऐकू आली. फ्रिजच्या दारात, रिकाम्या कप्प्यात, एक वस्तू आली होती.

५

झिप लावलेली पारदर्शक पिशवी. आत इन्सुलिनची एक छोटी बाटली आणि लाल टोपीच्या चार सिरिंज. जर्मन नाही, आपल्याकडची.

"चोराला दया आली!" नवल म्हणाला.

भाविकाचा चेहरा उजळला होता. "माझ्याकडे अडीअडचणीसाठी जर्मन सिरिंज आहेत. याने माझं काम—"

"हात लावू नकोस!" कोकिळा एवढ्या जोरात ओरडली की आत्याच्या हातातला कारल्याचा पेला पडला. त्याबद्दल आत्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

कोकिळेने बाटली उजेडात धरली. "ही चाळीसची बाटली आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. तुझ्या पेनात शंभर असतात आणि तुझी सिरिंजही शंभरची. ती वापरून यातलं दहा ओढलंस तर अंगात फक्त चार जातील. शिवाय हे दोन प्रकार मिसळलेलं इन्सुलिन आहे, तुझं ते नाही. आणणाऱ्याने जिवापाड धडपडून आणलंय, पण चुकीचं आणलंय. औषध म्हणजे मीठ नव्हे, या दुकानचं नाही तर त्या दुकानचं घ्यायला."

स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी खळ्ळकन वाजलं. कोकिळेने तिकडे पाहिलंही नाही.

"बसा सगळे," ती म्हणाली. "एक वाजता योगराजचा फोन येईल. त्याआधी मला जळगावला पोचायचंय. थोडक्यात सांगते.

"काल मला बर्फाच्या कप्प्यात जर्मन खोक्याचा तुकडा मिळाला, बर्फाला चिकटलेला. म्हणजे खोका तिथे होता आणि चांगला काही तास होता. आखाजीच्या दिवशी कुल्फी खाली उतरवली ती त्याला जागा करायला. चोर कधी चोरीचा माल बर्फात ठेवत नाही. हे काम चोराचं नाही, औषध टिकावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाचं आहे.

"तो माणूस कोण? बेबाबाई दहालाच गेल्या, कुल्फी लागली अकराला. आत्याबाई एवढं दूध आटवून स्वतःची कुल्फी स्वतः खाली ठेवणार नाहीत. राहिले नवलभाऊ. पण ज्याचा जन्म केळीत गेला, ज्याला ठाऊक आहे की जास्त थंडीने माल मरतो, तो महागाची वस्तू डोळे मिटून बर्फात घालणार नाही. असं कोण करेल? ज्याने आयुष्यभर एकच औषध सांभाळलं आणि ते बर्फातच सांभाळलं. पोलिओच्या डोसाला बर्फ चालतो. इन्सुलिन गोठलं की मेलं.

"आणि ही बाटली. मेच्या उन्हात चार तासांच्या एस्टीतून आली आणि तरी खराब झाली नाही, कारण कुणीतरी ती झिपच्या पिशवीत घालून थंड पेटीतून आणली, डोस आणतात तशी. त्या माणसाचे डोळे अगदी ठीक आहेत. धुळ्याला डोळे दाखवायचं काही कारण—"

"मी शे," दारातून आवाज आला. "अक्का, आते पुढे नका सांगू. मी शे."

६

सुमनबाई खाली बसल्या. निळी पेटी त्यांनी मांडीवर घेतली आणि उघडली. आत दहाही पेनं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"माले वाटनं, इतला ऊनमा नुसता दारमा ठेवेल, खराब व्हयी जाई. बरफमा ठेवं का जास्त टिकी. दवाई म्हनजे बरफ, इतलंच माले ठाऊक. संध्याकायले भाविका बोलनी का गोठनं तं वाया गयं. मी जाईसन देखं, बठ्ठं दगडना मायक." त्यांनी डोळे पुसले. "पंचवीस वरीसमा एक डोस वाया गया नई, आनि मना बहीणनी पोरनाच दवाईनं वाटोळं करं मी. कोन तोंडघाई सांगू? पहाटे धुळाले गयू. चार मेडिकल फिरनू. जर्मन खोका देखाडा का सगया डोकं हालाडेत. चिठ्ठी ना, नाव बी येगळं. शेवट वळखना एक पोरनी ही बाटली दिन्ही. मी बठ्ठं भरी देसू, पन पोरगीले वापस नका धाडू."

 मी गणिताच्या सवयीने पेनं पुन्हा मोजायला घेतली.

भाविका उठली आणि सरळ मावशीच्या गळ्यात पडली. "मावशी, अगं, जर्मनीत सुरुवातीला आईनेही एकदा हेच केलं होतं. तीही तुझीच बहीण ना!"

सुमनबाई रडता रडता हसल्या. आत्या म्हणाली, "अन् माह्या कुल्फीचं काय?" तेव्हा सगळेच हसले.

"हसणं गाडीत," कोकिळा म्हणाली. "सुमनबाई, पेटी घ्या. तुम्ही पण चला."

जळगावला कोकिळेच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी भाविकाला तपासलं. तिच्याजवळ जर्मन डॉक्टरचं इंग्रजी पत्र होतं, बॅगेच्या तळाशी, कुणी मागितलंच नव्हतं म्हणून तसंच राहिलेलं. त्यात औषधाचं मूळ नाव होतं. "देश बदलला की खोक्यावरचं नाव बदलतं, आतलं नाव तेच राहतं," कोकिळा म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी त्या मूळ नावावरून इथली चिठ्ठी लिहून दिली, प्रमाण तपासलं, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तेच इन्सुलिन, शंभरच्याच पेनात, सरळ समोर आलं. दोन दिवस ज्याच्यासाठी आम्ही जीव टांगणीला लावला होता, ते काउंटरवर ठेवून दुकानदाराने विचारलं, "पिशवी आणली का?"

सुमनबाईंनी निळी पेटी पुढे केली. या वेळी बर्फाच्या पुड्यांवर जाड फडकं होतं, आणि औषध फडक्याच्या वर. दुकानदारापेक्षा कोकिळेने ते जास्त बारकाईने पाहिलं आणि मान डोलावली. तिची मान डोलते ती वर्षातून एकदा. माझ्या वाट्याला अजून आलेली नाही.

बरोबर एक वाजता फोन वाजला. आम्ही मेडिकलच्या पायरीवर सावलीत उभे होतो. योगराजचा चेहरा दिसला, कपाळावर आठ्या.

"भाविका, तू बाहेर कशी? औषध कुठेय? दाखव."

भाविकाने एक क्षण मावशीकडे पाहिलं. सुमनबाईंची मान खाली होती. 

"पप्पा, आणलेलं औषध गोठून खराब झालं," भाविका म्हणाली. "माझ्या गैरसमजाने. पण इथल्या डॉक्टरांना दाखवलं, चिठ्ठी घेतली, तेच औषध मिळालं. हे बघा. पप्पा, मला आता माहीत आहे, इथे माझं औषध कसं मिळवायचं. आणि सांभाळायला सुमन मावशी आहे. पंचवीस वर्षांत तिच्या हातून एक डोस वाया गेलेला नाही."

योगराजने नवं पेन कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं आणि वरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "सुमनताईच्या ताब्यात आहे? मग ठीक आहे. महिनाभर राहा."

फोन बंद झाला.  भाविकाने तिथेच पायरीवर नवं पेन जोडलं, शुगर पाहिली, आकडा लावला आणि जेवणाआधीचा डोस घेतला. दहा सेकंद मोजले, सुई काढली.

"डावा हात दे," सुमनबाई म्हणाल्या.

"कशाला?"

सुमनबाईंनी पिशवीतून जांभळा मार्कर काढला, चोवीस वर्षांच्या भाचीची डावी करंगळी धरली आणि नखावर ठसठशीत खूण केली, कुठल्याही बाळाला करतात तशी. मग फुंकर घालून वाळवली.

"आते कोनी म्हनाव नई," त्या म्हणाल्या, "का सुमननं एक पोर सुटनं."